लांबडी गाडी : एक अभ्यास

व्हिंटेज गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. संस्थानिकांची उघडी मोटार, पितळी दिवे, फेटा बांधलेला मालक आणि रॅलीत हात हलवणारी पाहुणेमंडळी. त्या गाड्यांबद्दल आदर आहेच, पण या लेखाचा विषय त्या नाहीत. मला लिहायचंय ते ज्या जातीच्या गाडीला मराठीत धड नावसुद्धा नाही तिच्याबद्दल. इंग्रज तिला इस्टेट म्हणतात, अमेरिकन लोक स्टेशन वॅगन म्हणतात आणि आमच्या राजूरला तिला नुसतं 'लांबडी' म्हणतात.

(राजूर म्हटलं की होस्टेलवर प्रत्येक जण विचारतो, "गणपतीचं का?" तर नाही. गणपतीचं राजूर जालना जिल्ह्यात, आणखी एक राजूर अकोले तालुक्यात. आमचं राजूर यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं, कोळशाच्या खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं.)

इस्टेट म्हणजे काय? साध्या सेडान गाडीचं छप्पर मागच्या टोकापर्यंत ओढत न्यायचं, डिक्कीचं झाकण काढून तिथे वर उघडणारं उभं दार बसवायचं आणि मागची सीट पुढे दुमडता येईल अशी करायची. झाली इस्टेट. माणसं आणि सामान एकाच छपराखाली, एकाच खोलीत. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका आणायच्या म्हणून 'स्टेशन वॅगन', आणि जमीनदाराच्या इस्टेटीवर हिंडायचं म्हणून 'इस्टेट'. म्हणजे नाव पडलं तेच कामावरून.

आणि हीच या गाडीची अडचणही आहे. सेडान म्हातारी झाली की तिला निवृत्ती मिळते, गॅरेजात झाकून ठेवतात. इस्टेट म्हातारी झाली की तिची बदली होते. आधी कुटुंबाची गाडी, मग दुकानाची, मग शेतावरची, मग मागची सीट काढून कोंबड्यांची किंवा सिलेंडरची आणि शेवटी भंगारात. चांगली राखलेली जुनी इस्टेट दिसली की गाडीवेडे लोक थबकतात ते याचसाठी. तिच्यावर काम पडलं होतं, तरी ती टिकली. कुणीतरी कामही करून घेतलं आणि जपलंही. या दोन गोष्टी एकत्र फार क्वचित होतात.

आपल्याकडचं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टाटा इस्टेट. टेल्कोने (ही कंपनी २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली) १९८८ मध्ये टाटामोबाईल हा पिकअप काढला. त्याच पायावर १९९१ मध्ये तीन दारांची सिएरा आणि १९९२ मध्ये पाच दारांची इस्टेट आली. १९९४ ला सुमो, १९९८ ला सफारी आणि त्याच वर्षाच्या शेवटी इंडिका. म्हणजे इंडिकाच्या कितीतरी आधी, ज्या काळात रस्त्यावर अॅम्बॅसडर, पद्मिनी आणि मारुती ८०० एवढंच दिसायचं, त्या काळात बटणाने काचा वरखाली होणारी, डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा असणारी डिझेल इस्टेट पुण्यात तयार होत होती. मागून पाहिली तर मर्सिडीजच्या त्या वेळच्या इस्टेटची आठवण येते, आणि गाडीवेड्यांमध्ये याच्यावर तासभर वाद होऊ शकतो. मी त्यात पडत नाही.

इंजिनाबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगतो, वायवात उपयोगी पडेल. या गाडीच्या इंजिनाचं नाव ४८३. हा आकडा उगाच दिलेला नाही. ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक ९० मिमी. आता गणित करा : पाय भागिले चार, गुणिले ८.३ चा वर्ग, गुणिले ९, गुणिले ४. उत्तर १९४८ घन सेंमी. पुस्तिकेत हाच आकडा आहे. इंडिकाचं इंजिन ४७५, म्हणजे बोअर ७५, स्ट्रोक ७९.५, उत्तर १४०५. ट्रकचं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ चा बोअर. एकदा ही किल्ली मिळाली की टाटाच्या जुन्या गाड्यांचं बॉनेट न उघडताच निम्मी माहिती हातात येते.

ताकद मात्र बेताची. टर्बो नसलेलं, इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, सत्तरच्या आतली अश्वशक्ती, आणि ओढायचं दीड टनाच्या घरातलं धूड. घाटात मागून येणारा हॉर्न वाजवणारच. पण ईसीयू नाही, सेन्सर नाही, पंप यांत्रिक. आपल्या आयसी इंजिनच्या पुस्तकात जे चित्र आहे ते तसंच्या तसं हातात धरून पाहता येतं. आजच्या कॉमन रेलवर तुम्ही लॅपटॉप लावता, इथे कान लावावा लागतो.

मग ही गाडी चालली का नाही? माझं स्पष्ट मत असं की गाडीत दोष कमी होता, आपल्या समजुतीत जास्त. आपल्याकडे वेगळी डिक्की म्हणजे इज्जत. सामान आणि साहेब एकाच खोलीत बसलेले आपल्याला चालत नाहीत. लांब, सपाट छपराची गाडी पाहिली की लोकांना अँब्युलन्स आठवते, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. ज्यांना खरोखर जागा हवी होती त्यांनी सुमो घेतली, कारण तीत दहा माणसं कोंबता येत. पुढे २००० च्या आगेमागे मारुतीची बलेनो अल्टुरा आणि २००४ मध्ये टाटाचीच इंडिगो मरीना आली, पण त्यांनाही लोकांनी लांबूनच नमस्कार केला.

आता आमच्या लांबडीविषयी. ती माझ्या मोठ्या बाबांची, १९९५ ची. त्यांचं राजूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. चुनाभट्टीवरच्या, शेतावरच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, बांधून परत द्यायच्या. २००१ मध्ये नागपुरातून सेकंडहँड घेतलेली ही गाडी त्यांनी वीस वर्षं याच कामाला लावली. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागच्या भागाच्या मापाचं प्लायवूड कापून घेतलं, खाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचा रबर लावला, बाजूंना गोणपाट शिवून टांगलं. साठ-सत्तर किलोची मोटर आत सरकवायची ती या प्लायवर. आज ते प्लायवूड उचललं की खाली कंपनीचं मूळ कार्पेट दिसतं, डाग नसलेलं. गाडी पाहायला येणारे लोक बॉनेट उघडायला सांगतात. मी त्यांना आधी हे कार्पेट दाखवतो.

इस्टेटचं इंजिनिअरिंग समजून घ्यायचं तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे पीळ, आपल्या भाषेत टॉर्शन. रिकाम्या काडेपेटीचं बाहेरचं खोकं घ्या आणि पिळा. सहज वाकडं होतं. आतला ट्रे घालून पिळा, हाताला विरोध जाणवतो. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागचा पत्रा आणि त्याच्या वरचं शेल्फ हे त्या ट्रेचं काम करतात. इस्टेटमध्ये ते दोन्ही गेले, वर मागे दारासाठी भलंमोठं भोक पाडलं. याचा परिणाम किती होऊ शकतो ते स्ट्रेंथ ऑफ मटेरियलमध्ये आपण शिकतो : ५० मिमी त्रिज्येची आणि २ मिमी जाडीची बंद नळी आणि तीच लांबीभर चिरलेली नळी, यांच्या पिळाच्या कडकपणातला फरक तीन गुणिले त्रिज्या-जाडीच्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे १८७५ पट. गाडी काही पूर्ण चिरलेली नळी नसते, पण दिशा कळली. म्हणून मोनोकॉक इस्टेटमध्ये मागच्या दाराची चौकट फार जाड करावी लागते. टाटा इस्टेटला हा त्रास कमी, कारण खाली पिकअपची वेगळी शिडीची चेसिस आहे आणि पिळाचा मोठा भार ती घेते. वजन वाढलं ते यामुळे, आणि दार अजून एका बोटाने बंद होतं तेही यामुळेच.

दुसरी गोष्ट भाराची. समजा व्हीलबेस अडीच मीटर आहे आणि २०० किलोचं सामान मागच्या अॅक्सलच्याही मागे अर्धा मीटर ठेवलं. पुढच्या चाकाभोवती मोमेंट घ्या : २०० गुणिले ३ भागिले २.५, म्हणजे मागच्या अॅक्सलवर २४० किलो. सामान २०० आणि भार २४०? वरचे ४० आले कुठून? पुढच्या चाकांवरून. म्हणजे पुढची बाजू ४० किलोने हलकी झाली, आणि पुढच्याच चाकांनी वळायचंय. त्यामुळे जाणकार ड्रायव्हर जड वस्तू सीटला चिकटवून ठेवतो आणि हलकी दाराजवळ. मोठे बाबांनी डायनॅमिक्सचा पेपर कधी दिला नाही, पण त्यांच्या प्लायवर मोटर कुठे थांबवायची याची एक लाकडी पट्टी ठोकलेली आहे. मी मोजलं, ती अॅक्सलच्या पुढे येते.

जाता जाता एक तिसरी. इस्टेटची मागची काच नेहमी घाण असते. छप्पर एकदम संपतं आणि खाली सरळ भिंत, त्यामुळे मागे कमी दाबाचा पट्टा तयार होऊन रस्त्याची धूळ उलटी ओढली जाते. म्हणूनच जगभर अशा गाड्यांना मागे वायपर देतात. आमच्या वणी-राजूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि चुन्याची पूड, तेव्हा इथे हा प्रयोग कुणालाही पाच मिनिटांत करून पाहता येईल. मागचं दार उघडं ठेवून चालवायचं नाही, हेही यातूनच कळतं, कारण धुळीबरोबर एक्झॉस्टचा धूरही आत येतो.

आता 'चांगली राखलेली' म्हणजे नेमकं काय, यावर थोडं. आपल्याकडे जुनी गाडी 'नवी करणे' हा मोठा धंदा आहे. सगळी उकलायची, लांबी भरायची, झगझगीत रंग मारायचा, सीटला नवं रेक्झिन, अलॉय व्हील. फोटो छान येतो. पण अभ्यासाच्या दृष्टीने ती गाडी पुसली गेली. मूळ रंगाचा थर किती जाड होता, वेल्डिंगचे टाके कुठे होते, कापड कसं शिवलं होतं, हे सगळं पुराव्यासारखं असतं आणि एकदाच नष्ट होतं. जगातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची 'फिवा' नावाची महासंघटना आहे. तिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद म्हणून एक मसुदा स्वीकारला. त्याचा सारा रोख असा की आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती आणि नूतनीकरण सगळ्यात शेवटी. इंग्लंडमधली मॉरिस मायनर ट्रॅव्हलर पाहा, १९५३ ते १९७१ या काळातली. तिच्या मागच्या भागाची चौकट अॅश लाकडाची. ते लाकूड शोभेचं नाही, भार घेणारं आहे, त्यामुळे कुजलं तर गाडी तपासणीत नापास होते. तिचे मालक सुतारासारखे दरवर्षी लाकडाला वार्निश करतात. नवा भाग मिळतो, तरीही जुनं लाकूड वाचवतात.

आपल्याकडचा शत्रू वेगळा. मुंबई-रत्नागिरीची गाडी खालून मरते, खाऱ्या हवेतलं क्लोराइड पत्रा खातं. विदर्भातली गाडी वरून मरते. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा, बंद गाडीत त्याहून जास्त. डॅशबोर्ड तडकतो, काचेभोवतीचं रबर पापडासारखं होतं, छपराचं कापड सुटून डोक्यावर येतं. आणि मग पहिल्या पावसात त्या तडकलेल्या रबरातून पाणी शिरतं, आत साठलेल्या धुळीचा चिखल होतो, तो निचऱ्याची भोकं बुजवतो, आणि पत्रा आतून सडायला लागतो. म्हणजे सुरुवात उन्हाने आणि शेवट पाण्याने. आमच्या लांबडीवर म्हणून शेडमध्येसुद्धा पांढरं सुती कापड असतं. प्लास्टिकचं कव्हर मोठे बाबा जवळ येऊ देत नाहीत, खाली ओल धरते म्हणून.

सुट्या भागांचं लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सोपं, कारण सुमोने आणि २०७ पिकअपने हीच घराणी पुढे कितीतरी वर्षं चालवली, आणि आमच्या भागात काळी-पिवळी सुमो म्हणजे एसटीची धाकटी बहीण. अवघड काय, तर मागची बाजूची लांब काच, मागच्या दाराचं रबर, टेललॅम्प, आतलं प्लास्टिक, नावाची पट्टी. जे फक्त इस्टेटलाच होतं ते. मोठे बाबा म्हणतात, "इंजिन तं कोनीबी बांधून देते बाबू. काच कोन देते, सांग मले?" म्हणून डिझेल भरायला जातानासुद्धा गिट्टीच्या ट्रकमागे ते गाडी नेत नाहीत, थांबून राहतात.

इथपर्यंत सगळं आवडीचं झालं. आता कागदाचं, कारण या गाड्यांचं जगणं-मरणं तिथेच ठरतंय. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले, चांगले नियम आहेत : पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात फारसा बदल न केलेली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर, दहा वर्षांची नोंदणी, सुरुवातीला २०,००० आणि पुढे ५,००० रुपये. अट एवढीच की रोज चालवायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यासाठी बाहेर काढायची.

आता आमच्या गाडीचा हिशेब मांडा. १९९५ ची गाडी. २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ ही नूतनीकरणं झाली. व्हिंटेज होणार २०४५ मध्ये. मध्ये २०३०, २०३५ आणि २०४० उरली. फिवाच्या व्याख्येत तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली आणि रोज न वापरलेली गाडी ऐतिहासिक ठरते. तिथे आमची लांबडी २०२५ मध्येच बसली. आपल्या कायद्यात तिला आणखी वीस वर्षं नुसती 'जुनी गाडी' म्हणून काढायचीत. या वीस वर्षांच्या खिंडीत १९९० च्या दशकातल्या सगळ्या भारतीय गाड्या अडकल्यात, आणि याच दशकात आपण पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने गाड्या बनवायला लागलो होतो. सिएराचं नाव २०२५ मध्ये नव्या गाडीवर परत आलं तेव्हा जुन्या सिएराचे फोटो सगळीकडे फिरले. इस्टेटच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

दुसरी बाजूही न्याय्य आहे. १९९५ चं डिझेल इंजिन भारत स्टेजच्या आधीचं आहे, धूर काढतं, आणि अशी गाडी रोज शंभर किलोमीटर पळवावी असं मीही म्हणणार नाही. पीयूसीत आमची पास होते, पण त्या गटाची मर्यादाच ६५ हार्ट्रिज एवढी सैल आहे. त्यामुळे शुल्क वाढवलं याची तक्रार नाही. माझं म्हणणं इतकंच की वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी जपलेली गाडी आणि रोज वाळू वाहणारी खटारा गाडी यांना एकाच तराजूत घालू नये. तीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांसाठी चालवण्यावर मर्यादा घालून एखादा मधला वर्ग करता येईल. व्हीए नियमांत तो साचा तयारच आहे.

सध्या दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी भंगारवाला दुकानात येऊन भाव सांगून जातो. मोठे बाबा सत्तरी ओलांडून गेलेत, क्लच दाबताना गुडघा दुखतो. माझे चुलतभाऊ पुण्यात, त्यांच्या पार्किंगमध्ये एकाच गाडीची जागा. म्हणजे २०३० च्या तपासणीला ही गाडी कोण नेणार, हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

तुमच्या गावात अशी एखादी इस्टेट, मरीना नाहीतर अल्टुरा उभी असेल तर पाहायला जाताना एक लोहचुंबक न्या, कापडात गुंडाळून. मागच्या दाराची खालची कड, मागच्या चाकांच्या कमानी आणि काचेच्या रबराखालचा पत्रा इथे तो फिरवा. चिकटला नाही तर तिथे पत्रा नसून लांबी आहे. दाराच्या चारही बाजूंची फट बोटाने मोजा, वर एक आणि खाली एक असेल तर चौकट पिळली गेली आहे किंवा मागून ठोकर बसली आहे. दार वर करून सोडा. गॅसचे दांडे मेलेले असतील तर ते डोक्यावर येईल, जपून. बहुतेक मालक तिथे काठी ठेवतात. सामानाच्या जागेचं कार्पेट उचलून हात फिरवा, ओल लागते का बघा. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि आरसी बुकातला चेसिस नंबर चेसिसवरच्या आकड्याशी स्वतः ताडून पाहा, झेरॉक्सवर विसंबू नका.

आमच्याकडे एक वही आहे. २००१ पासून कोणता भाग कधी बदलला, कुठून आणला, जुना कुठे ठेवला, ते मोठे बाबांनी तारखेसकट लिहिलंय. जुने भाग फेकलेले नाहीत, खोक्यात चिठ्ठ्या लावून आहेत. या सुट्टीत मी ती वही कॉम्प्युटरवर उतरवतोय आणि प्रत्येक पत्र्याच्या रंगाची जाडी मोजून सोबत लिहितोय. मापाचं यंत्र वर्कशॉपमधून आठवड्याभरासाठी मिळालं आहे. छत आणि डावी बाजू झाली, उजवी बाजू आणि मागचं दार अजून बाकी आहे.